जुनिपर खाली वळवायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

येत्या थंडीत ज्यांना जुनिपरचं (बारीक टोचऱ्या पानांचं सदाहरित झाड) कॅस्केड, म्हणजे कुंडीच्या काठावरून खाली लोंबणारं बोन्साय, करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. हे काम वायर गुंडाळायच्या दिवशी सुरू होत नाही, महिनाभर आधीच होतं, कारण खोड वाकवायला घेतलं की मधेच "थांबा, जाड वायर संपली, लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन येतो" हे चालत नाही. अर्धवट वाकवून सोडलं की ते परत वर येतं आणि दुसऱ्यांदा त्याच जागी जोर लावला की साल फाटायची भीती.

सगळ्यात आधी पन्हाळ्याला एक चक्कर मारा, कोल्हापुरातनं वीस किलोमीटर तर आहे. कड्याच्या कपारीतून बाहेर आलेलं एखादं झाड दिसलं की बाजूनं उभं राहून नीट बघा, फोटो काढा. जपानीत या स्टाइलला केंगाई म्हणतात, म्हणजे लोंबता कडा. असं झाड मुळापासून थेट खाली पडलेलं नसतं, आधी जरा वर उठतं, मग वाकतं, आणि खाली गेलेला शेंडा पुन्हा उजेडाकडे तोंड वळवतो. बरेच जण ते पहिलं वर उठणंच विसरतात आणि मग झाड कुंडीतून सांडल्यासारखं दिसतं. शेंडा कुंडीच्या काठाखाली पण बुडाच्या वर राहिला तर सेमी-कॅस्केड, बुडाच्याही खाली गेला तर पूर्ण कॅस्केड. पहिल्यांदा करत असाल तर माझं ऐका, सेमीच करा.

झाड निवडताना वरचा हिरवागार झुपका बघून भुलायचं नाही. फांद्या बाजूला सारून आत बघायचं, खोड अंगठ्याएवढं तरी हवं, बुडापाशी थोडं वळण असलं तर लईच भारी, आणि खोडाजवळ हिरवं पाहिजे. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्या फांदीवरचं सगळं हिरवं गेलं ती जुनिपरची फांदी बहुतेक वेळा परत फुटत नाही, वाळते. आणल्यावर लगेच हात लावायचा नाही, दोन-तीन आठवडे गच्चीवर भरपूर उन्हात ठेवायचं. एक पांढरा कागद खाली धरून फांदी झटकायची, कागदावर ठिपके चालायला लागले तर लाल कोळी ही कीड आहे, आधी त्याचा बंदोबस्त आणि मग बाकीचं.

वेळ म्हणाल तर आपल्याकडे डिसेंबर संपता संपता ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळ्यात अजिबात नको, हे मी एक झाड घालवून शिकलोय. माझं पहिलं जुनिपर मी जून महिन्यात एकाच रविवारी वायर पण केलं आणि मुळं कापून नव्या कुंडीत पण लावलं, वरनं आपला पाऊस, आठ-आठ दिवस माती वाळायचं नाव नाही. तरी झाड हिरवं दिसत होतं म्हणून मी निवांत. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं राहतं हे तेव्हा माहीतच नव्हतं, एक दिवस फांदीला हात लावला आणि पानं कुरकुरली. अजून वाईट वाटतं.

त्यामुळे उंच कॅस्केडची कुंडी आत्ता घ्यायचीच नाही. या वर्षी आकार, कुंडी पुढच्या वर्षी, तीही झाडानं जोमानं नवी वाढ केली तरच. नर्सरीची पिशवी हलते म्हणून ती घमेल्यात ठेवून चारी बाजूनं विटांचे तुकडे ठोसायचे आणि घमेलं उंच स्टुलावर घट्ट बांधायचं, शेंडा खाली मोकळा सुटला पाहिजे आणि तुमचे डोळे खोडाच्या उंचीला आले पाहिजेत. पुढच्या वर्षीच्या मिश्रणासाठी मात्र विटांचा आणि जांभ्याचा चुरा आत्तापासून चाळून ठेवा, बारीक धूळ काढून टाकायची, तीन ते पाच मिलिमीटरचे दाणे राहू द्यायचे. बागेतली काळी माती नको, ती पाणी धरून बसते.

वायर ॲल्युमिनियमची, एक, दीड, अडीच आणि चार मिलिमीटर, चारही जाडीची. साधारण फांदीच्या एक तृतीयांश जाडीची वायर लागते आणि लांबी फांदीच्या दीडपट, कमी कापली की शेवटचे दोन वेढे राहतात. एक वायर पुरली नाही तर शेजारी दुसरी जोडीनं न्यायची. रॅफिया (ताडाच्या जातीच्या झाडाचा चिवट धागा) मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या सुती धोतराच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून रात्रभर पाण्यात ठेवा आणि वाकवायच्या जागी ओल्याच घट्ट गुंडाळा. ताण द्यायला नायलॉन दोरी, ती सालीला काचू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे. वायर कटर, धारदार कात्री, चिमटा, जखमेवर लावायची पेस्ट. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, जुनिपर हाताला टोचतं आणि नंतर तासभर खाज सुटते.

आदल्या दिवशी पाणी द्यायचं नाही, किंचित तहानलेलं खोड जास्त ऐकतं. त्याच संध्याकाळी आतली तपकिरी वाळकी पानं चिमट्यानं काढून घ्या, वरची माती बोटानं सारून मुळं कुठून फुटलीत ते बघा आणि खोडाच्या कुठल्या बाजूनं वाकवायचं तिथं खडूनं खूण करा. एक फांदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला यायला हवी, ती नसेल तर खूण बदला.

आता त्या दिवशीचं. वायरचं टोक खोडामागं मातीत पिशवीच्या तळापर्यंत खुपसायचं, तिथनं पंचेचाळीस अंशात वेढे. वळणाच्या आतल्या बाजूला दोन्ही अंगठे ठेवायचे आणि नुसतं दाबायचं नाही, पिळत पिळत वाकवायचं, दोन बोटं, मग थांबायचं, मिनिटभर, मग परत दोन बोटं. कान तिथंच पाहिजे. बारीक करकर आली की हात तिथंच थांबवा, दोरी बांधून टाका, राहिलेलं वळण महिन्यानं. म्हणून म्हणतो मोबाईल सायलेंट करा आणि घरच्यांना सांगून ठेवा की दोन तास हाक मारू नका.

झाल्यावरची जागाही आधीच ठरवा. तीन-चार आठवडे सकाळचं कोवळं ऊन, वारा कमी, खत नाही, पानांवर फवारा. आणि मार्चनंतर स्टूल कठड्याला तारेनं बांधून ठेवा, वळवाचा पहिला वारा आला की एका बाजूला झुकलेलं झाड घमेल्यासकट खाली येतं.