बसथांब्यापर्यंतचे खरे अंतर कसे मोजावे

पुण्यातील एखाद्या वस्तीला बसथांबा किती जवळ आहे हे तपासण्यासाठी क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशावरील रस्ते व थांबे घ्यावेत आणि अंतरे मीटरमध्ये मिळावीत म्हणून माहितीचे हे सर्व थर यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत, आणावेत. थांब्याभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढून समाधान मानू नये; ते वर्तुळ मुठा नदी सहज ओलांडते, परंतु पायी जाणाऱ्या वृद्ध माणसाला पुलापर्यंतचा वळसा चुकत नाही, आणि अभ्यास तर त्याच्यासाठीच करायचा असतो. म्हणून रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर मोजणारे ‘सर्व्हिस एरिया’ हे साधन वापरावे. त्याआधी पेठांतील बोळ आणि पादचारी पूल नकाशात नोंदलेले व रस्त्यांना नीट जोडलेले आहेत ना, हे प्रत्यक्ष फिरून पडताळावे.