सबटायटलचं टायमिंग आणि आपोआप सापडणारे कट

सबटायटलच्या कामात नव्याने आलेल्यांना भाषांतराची धास्ती असते, टायमिंगची नसते. मग पहिली फाइल तपासून परत येते, आणि शेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा एकच गोष्ट: ओळ कटच्या, म्हणजे शॉट बदलतो त्या जागेच्या, पुढे गेली, ओळ कटच्या आधीच डोकावली. पात्र बोलून थांबतं, शॉट बदलतो आणि ओळ नव्या शॉटवर क्षणभर रेंगाळून जाते. सेकंदाला 24 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम जेमतेम 42 मिलिसेकंदांची. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. तेवढ्यात कोणी काही वाचत नाही, पण ती उघडझाप डोळ्यांना खुपते.

या क्षेत्रात एक जुनी समजूत आहे: कटनंतर तीच ओळ पडद्यावर राहिली की प्रेक्षक ती पुन्हा पहिल्यापासून वाचतो. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या 2013 मधल्या एका पोलिश अभ्यासात बहुतेक प्रेक्षकांनी तसं केलं नाही. त्यामुळे एखादं वाक्य दोन कट ओलांडून जात असेल तर जाऊ द्यावं, त्याचे उगाच तुकडे पाडू नयेत, असं माझं मत. लक्ष द्यायचं ते कटच्या अगदी काठाशी येणाऱ्या टोकांकडे.

हे कट हाताने शोधणं म्हणजे फ्रेम-फ्रेम पुढे सरकत बसणं. सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर ते काम एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या मोफत प्रोग्रॅमकडून करून घेतं आणि वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, प्रत्येक कटला उभी रेघ मारून देतं. एफएफएमपेग प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमशी ताडून 0 ते 1 मध्ये गुण देतं. तुम्ही ठरवलेल्या थ्रेशोल्डच्या, म्हणजे किमान मर्यादेच्या, वर गुण गेले की कट. 0.3 ते 0.5 यांमधला आकडा बहुधा चालतो. पूर्ण व्हिडिओवर चालवण्याआधी सगळ्यात घाईचं एडिटिंग असलेला तुकडा घ्या, 0.4 वर चालवा आणि रेघा डोळ्यांनी तपासा. खरे कट सुटत असतील तर आकडा खाली आणा.

एजिसब या दुसऱ्या सबटायटल सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे बरेचजण व्हिडिओतल्या कीफ्रेमनाच, म्हणजे फाइलमध्ये पूर्ण चित्र म्हणून साठवलेल्या फ्रेमनाच, कट समजतात. इथे सावध राहा. कीफ्रेम एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा प्रोग्रॅम, स्वतःच्या सोयीने टाकतो. एक्स२६४ या एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये कट नसला तरी जास्तीत जास्त 250 फ्रेमनंतर एक कीफ्रेम येतेच. एकाच लांबलचक शॉटमध्ये अधेमधे रेघा दिसल्या तर त्या यातल्याच.

यंत्र चुकतं कुठे, हे थोड्या सवयीने आधीच कळायला लागतं. कॅमेऱ्याचे फ्लॅश, वीज, स्फोट, डिस्कोचे दिवे, झटक्यात फिरवलेला कॅमेरा: इथे नसलेले कट सापडतात. उलट डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं) आणि फेड (चित्र अंधारात जाणं किंवा अंधारातून येणं) हळूहळू घडतात, म्हणून शेजारच्या दोन फ्रेममध्ये फारसा फरक पडत नाही आणि ते निसटतात. अंधाऱ्या खोलीतले दोन क्लोजअपही असेच निसटतात. गाणी आणि मारामारी मी यंत्रावर सोडतच नाही. तिथल्या रेघा एकेक करून बघते.

आता क्रम. आधी कानाने टायमिंग करा, म्हणजे आवाज सुरू होतो तिथे इन-टाइम (ओळ दिसू लागण्याची वेळ). कटकडे त्यानंतर वळा. कटपासून दोन-चार फ्रेमवर सुरू होणारी ओळ कटच्या फ्रेमवरच बसवा. कटच्या जरा आधी किंवा जरा नंतर संपणारी ओळ कटच्या दोन फ्रेम आधी संपवा. लागोपाठच्या दोन ओळींतही किमान दोन फ्रेमची फट ठेवा. नेटफ्लिक्सच्या नियमांत हीच फट आहे. ओळीचा कमीत कमी वेळ सेकंदाच्या पाच षष्ठांश आणि जास्तीत जास्त 7 सेकंद. दुसऱ्या ग्राहकाचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून त्याचं पत्रक आधी वाचा आणि सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवा.

सगळ्या ओळी एका क्लिकवर कटला चिकटवणारी सोयही मिळते. वेळ वाचतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती शब्द ऐकत नाही. कटनंतर पात्र अजून अर्धा शब्द बोलत असेल आणि ओळ आधीच गायब झाली, तर ते कट ओलांडण्यापेक्षा वाईट दिसतं. अशा जागी कटनंतर साधारण अर्धा सेकंद तरी ओळ राहू द्या, म्हणजे ती चुकून उरल्यासारखी वाटत नाही. चिकटवून झाल्यावर वाचनाचा वेगही पुन्हा बघा, कारण चार फ्रेम कापल्याने एखादी आधीच दाटलेली ओळ मर्यादेबाहेर जाते.

मोबाइलवर चित्रित केलेल्या व्हिडिओत फ्रेमचा वेग कमी-जास्त होत राहतो. असा व्हिडिओ ठरावीक फ्रेमरेटवर आणल्याशिवाय कट शोधू नका. आणि दिग्दर्शकाने एडिट बदलून नवी प्रत पाठवली, की जुन्या रेघा पुसून शोध पुन्हा चालवा.