गुडघ्याच्या एक्स-रेसाठी उभं राहायची चौकट

गुडघेदुखीच्या पेशंटचा एक्स-रे उभ्यानं काढतात, कारण अंगाचा भार पडला की हाडांमधली खरी फट दिसते. सहा महिन्यांनी पुन्हा काढताना गुडघा थोडा जास्त वाकला, तरी फट बदललेली दिसते. मग झीज वाढली की उभं राहणं बदललं, डॉक्टरांनी ओळखायचं कसं? त्यासाठी ही चौकट. मी सांगलीत अ‍ॅक्रिलिकचं काम करतो.

एक्स-रेचं चित्र जिच्यावर उमटतं त्या पाटीचा, म्हणजे कॅसेटचा, स्टँड किती खाली उतरतो ते आधी मोजा. गुडघ्यापर्यंत येत नसेल तर चौथरा लागेल, आणि चौथरा म्हटलं की पायरी आणि कठडा आलाच. कठडा नंतर बसवू, असं करू नका. माझ्या पहिल्या चौकटीवर एक आजी चढल्या, त्यांनी टेक्निशियनची बाही घट्ट धरली ती सोडेचनात. खांदा वळला तसा एक गुडघाही मागे सरकला. कमरेच्या उंचीला लाकडी दांडा लावल्यावर त्या निवांत उभ्या राहिल्या. दांडा स्टीलचाही चालेल. किरणांच्या वाटेत मात्र एकही स्क्रू नको.

तळाला १८ मिमी प्लाय, त्यात खाच मारून १० मिमी अ‍ॅक्रिलिकची उभी भिंत. पेशंटचं तोंड कॅसेटकडे. अंगठे, गुडघे आणि मांड्या भिंतीला टेकल्या की गुडघा साधारण २० अंश वाकतो. किरण सोडणारी ट्यूब मागून, १० अंश खाली झुकवलेली.

पावलांमध्ये पाचर, अरुंद टोक टाचांकडे. प्रत्येक पाऊल १० अंश बाहेर वळायला हवं, म्हणजे पाचरीचा कोन २० अंश. मी आधी एकूणच १० अंशांची कापली होती, ती फुकट गेली. २५ सेंमी लांबीत दोन टोकांच्या रुंदीत ८.८ सेंमी फरक येतो; पट्टीनं तपासा.

चाचणीसाठी कुणावर किरण सोडू नका. गुडघ्याच्या वाटीवर पेनानं ठिपका काढा, माणसाला पाच वेळा उतरवून चढवा आणि दर वेळी ठिपक्याची जागा मोजा. एक्स-रे काढायचा तो रिकाम्या चौकटीचा; त्यात सावली दिसली तर कारण शोधा.

अ‍ॅक्रिलिक स्पिरिटनं पुसू देऊ नका, भोकांपासून केसासारखे तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, हे चौकटीवरच मराठीत लिहून ठेवा.