आधी कोणतं कर्ज फेडायचं? घरातली देणी मिटवण्याचा क्रम

घरात चार-पाच ठिकाणची देणी झाली की पैसे आधी जातात ते जास्त तगादा लावणाऱ्याला. पतसंस्थेचा वसुलीचा माणूस दारात येतो म्हणून तिचा हप्ता आधी. मेहुण्याचे हातउसने लगेच, कारण नात्याचा प्रश्न. क्रेडिट कार्डाचं बिल मात्र मुकाट्याने येतं. त्यावरची किमान रक्कम भरली की महिनाभर कोणी विचारत नाही, आणि बहुतेक घरांत सगळ्यात महाग कर्ज तेच असतं. फेडीचा क्रम तगाद्यावर ठरवू नका, व्याजदरावर ठरवा.

सुरुवात वहीच्या एका पानापासून करा. प्रत्येक देण्यासमोर आज बाकी असलेलं मुद्दल, वर्षाचा व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख आणि तारण किंवा जामीनदार लिहा. बाकीचा आकडा आठवणीने लिहू नका, कर्ज खात्याचा उतारा मागवा. भिशी आधीच उचलली असेल तर उरलेले हप्ते हे कर्जच आहे, तेही लिहा. किराणा दुकानाची उधारी, फोनचा हप्ता, मोबाइल ॲपवरून घेतलेले पाच-दहा हजार, सगळं. तुम्ही स्वतः कोणाला जामीन राहिला असाल तर त्याची नोंद खाली वेगळी करा.

व्याजदराच्या रकान्यात बरेच जण फसतात, कारण प्रत्येक जण दर वेगळ्या भाषेत सांगतो. सावकाराचा 'शेकडा तीन' हा महिन्याचा दर असतो, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बचत गटाचे दोन टक्के म्हणजे वर्षाला २४. फ्लॅट दर तर आणखी फसवा. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले तर व्याज २४,००० आणि हप्ता साधारण ५,१६७ रुपये. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतं. घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. नवीन कर्ज घेताना बँक किंवा वित्त कंपनीकडून मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून वार्षिक खर्चाचा एकच दर, म्हणजे एपीआर, दिलेला असतो. तुलना त्याच आकड्यावर करा.

पान पूर्ण झालं की नियम सोपा आहे. सगळीकडे ठरलेला हप्ता वेळेवर भरायचा आणि हातात उरेल तो प्रत्येक रुपया सगळ्यात जास्त दराच्या कर्जावर टाकायचा. ते मिटलं की त्याचा हप्ताही पुढच्या कर्जाकडे वळवायचा. मात्र त्याआधी एका महिन्याचा किराणा, वीज, गॅस आणि औषधं भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवा. ती नसेल तर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवायला बँकेला अर्ज करा. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर कर्ज देणारा आणि तुमची बँक असे दोघेही शुल्क लावतात.

कार्डाचं गणित नीट समजून घ्या. समजा बाकी ६०,००० आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. एका महिन्याचं व्याज २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. किमान रक्कम पाच टक्के धरली तर ३,००० भरून मुद्दल फक्त ५२२ रुपयांनी कमी होतं. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नवीन खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून फेड चालू असताना ते कार्ड वापरायचंच नाही. ऑनलाइन दुकानांत साठवलेले कार्डाचे तपशील पुसून टाका आणि ओटीटी, विम्यासारखी आपोआप जाणारी देयकं बंद करा. कार्डावर एटीएममधून रोख तर कधीच काढू नका. त्यावर शुल्कही लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याजही.

हीच ६०,००० ची बाकी महिन्याला ८,००० भरून फेडली तर दहाव्या महिन्यात संपते, आणि व्याज व कर मिळून साधारण १३,००० जातात. घरात सोनं असेल तर दुसरा मार्ग आहे. बँकेकडून वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास सोनेतारण कर्ज घेऊन कार्ड एका दिवसात मिटवा आणि तेच ८,००० सोन्याच्या कर्जात भरा. आठव्या महिन्यात ते फिटतं, व्याज सव्वादोन हजारांच्या आसपास. मूल्यांकनाचं आणि प्रक्रियेचं शुल्क धरूनही बचत मोठी राहते. सोन्याला हात लावायला घरात नको वाटतं, ते समजण्यासारखं आहे. पण कपाटात ठेवलेलं सोनं ४२ टक्क्यांचं व्याज थांबवत नाही. इथे चूक होते ती परतफेडीत: सोनेतारणात मुद्दल आणि व्याज मुदतीच्या शेवटी एकरकमी भरण्याचा पर्याय असतो, लोक तो घेतात, वर्षभर काहीच भरत नाहीत आणि शेवटी लिलावाची नोटीस येते. दरमहा भरणा करता येईल असंच खातं उघडा. आणि मिटवलेलं कार्ड पुन्हा वापरात आणलं तर दोन कर्जं होतील.

पतसंस्थेचं कर्ज दराने मध्यम असतं, पण त्यात जामीनदार गुंतलेले असतात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. थकबाकी वाढली की संस्था सहकार निबंधकांकडून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवते आणि मग वसुली अधिकारी जामीनदाराच्या पगारावरही टाच आणू शकतो. म्हणून उरलेले पैसे जास्त दराच्या कर्जाकडे जात असले तरी इथला हप्ता चुकवायचा नाही.

खासगी सावकाराचं देणं असेल तर आधी त्याचा परवाना पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही राज्य सरकारने ठरवलेलेच दर लावता येतात: शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती किंवा बँकेतली नोंद जपा. रोखीने देऊन पावती न घेणाऱ्याची बाजू तिथे लंगडी पडते.

गृहकर्ज सगळ्यात शेवटी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरणा केल्यास दंड लागत नाही. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं असं कर्ज असेल तर हप्ता साधारण २६,००० येतो. सुरुवातीपासून दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं. जादा भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं लेखी द्या. पण कार्डाची बाकी असताना बोनस गृहकर्जात टाकणं तोट्याचं आहे.

पगार थांबला आणि हप्ते भरणं शक्यच नसेल तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, नातेवाइकांमध्ये बदनामी करायची नाही. तसं होत असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८. 'अर्धे भरा, मिटवून टाकू' ही तडजोड शेवटचा उपाय समजा. क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या फेडीच्या नोंदीत, ते कर्ज 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि पुढची काही वर्षं नवीन कर्ज मिळणं अवघड होतं. करायचीच असेल तर बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं नाही. ना-देय दाखला घ्या, दिलेले कोरे चेक परत मागा. घराची मूळ कागदपत्रं बँकेने ३० दिवसांत परत द्यायची असतात, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. जमिनीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या, गाडीवर असेल तर कर्जाची नोंद काढण्यासाठीचा नमुना ३५ आणि बँकेचं पत्र आरटीओत द्या. महिना-दीड महिन्याने क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. खातं 'बंद' आणि बाकी शून्य दिसत नसेल तर त्याच कंपनीकडे ना-देय दाखला जोडून तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.