दख्खनी लोकरीची कानटोपी आणि बंडी: सुईवरच्या विणकामासाठी मार्गदर्शन

दख्खनी मेंढीची लोकर अंगाला टोचते ही तक्रार खरी आहे, पण तेवढ्यावरून ती सुईवरच्या विणकामाला निरुपयोगी ठरत नाही. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात. मेरिनो मेंढीचा तंतू 20 मायक्रॉनच्या आसपास असतो, तर आपल्या दख्खनी मेंढीचा तंतू या मर्यादेच्या बराच पुढे जातो आणि त्यात केसांसारखे राठ तंतूही मिसळलेले असतात. हीच लोकर घोंगड्याच्या रूपात पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांच्या खांद्यावर राहिली, कारण ती वारा अडवते, भुरभुर पाऊस झेलते आणि वर्षानुवर्षे झिजत नाही. म्हणून या लोकरीतून मऊ स्वेटर काढण्याचा हट्ट धरण्याऐवजी अंगातल्या कपड्यावर घालायची बंडी, अस्तर लावलेली कानटोपी, पिशवी किंवा आसन अशा वस्तू निवडाव्यात. येथे कानटोपी आणि बंडी या दोन वस्तूंची कृती दिली आहे.

मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारणपणे दोनदा कातरली जाते. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ही लोकर सर्वांत मऊ असते, त्यामुळे जावळाचे सूत मिळत असेल तर थोडे अधिक पैसे देऊनही ते कानटोपीसाठी घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीसारख्या गावांत आणि माणदेशात सनगर समाजाच्या विणकरांकडे घोंगड्यासाठी कातलेले हातसूत पाहायला मिळते. धनगर कुटुंबांतील स्त्रियाही सूत कातून देतात. अनेक ठिकाणी लोकरीला मिळणाऱ्या भावातून कातरणीची मजुरीदेखील सुटत नाही आणि चांगली लोकर टाकून दिली जाते. अशा स्थितीत हातसुताला जी किंमत सांगितली जाईल ती घासाघीस न करता द्यावी, असे मला मनापासून वाटते.

दुकानात ‘लोकर’ म्हणून विकले जाणारे बहुतेक गुंडे अॅक्रिलिकचे असतात. शंका आल्यास धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडता येईल अशी राख उरते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी होते.

विणकराकडून आणलेले सूत थेट सुईवर घेऊ नये. घोंगड्याच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे खळ दिलेले सूत हाती आल्यास ते कडक लागते. खळ नसलेल्या सुतातही मेंढीच्या अंगची चिकट स्निग्धता, धूळ आणि कुसळे असतात. आधी सुताची सैल लडी करून ती चार ठिकाणी सुती दोऱ्याने ढिली बांधावी, कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात अर्धा तास बुडवून ठेवावी आणि नंतर तितक्याच कोमट पाण्यातून दोन-तीनदा काढावी. धुण्याचा सोडा वापरू नये, कारण अल्कलीने लोकरीचा तंतू दुबळा होतो. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकणे आणि चोळणे हेही टाळावे, कारण त्यामुळे तंतू एकमेकांत अडकून लोकर आटते. लडी पिळण्याऐवजी पंचात गुंडाळून दाबावी आणि सावलीत टांगून वाळवावी. काळी लोकर उन्हात तपकिरी पडत जाते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण वगळतात. घोंगड्याचे सूत एकेरी आणि कडक पिळाचे असते. मागावर ते ताणून धरलेले असल्याने हा पीळ अडचणीचा ठरत नाही, पण सुईवर विणलेल्या टाक्यांना तसा ताण नसतो. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा साध्या विणीत हा कडक पीळ सुटू पाहतो आणि सरळ विणलेला चौकोन हळूहळू तिरका होत जातो. धुऊन, टाचण्या लावून वाळवला तरी हा तिरकेपणा पुरता जात नाही. उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे दोन सुते एकत्र घेऊन ज्या दिशेने ती कातली आहेत त्याच्या उलट दिशेने चरख्यावर किंवा टकळीवर पीळ देणे. दुहेरी सुताचा हातभर तुकडा दोन्ही टोके जवळ धरून सैल सोडावा; तो स्वतःभोवती गुंडाळला न जाता मोकळा लोंबला, तर पीळ समतोल झाला आहे असे समजावे. दुसरा उपाय चरखा नसलेल्यांसाठी आहे. अशा वेळी सर्व ओळी सुलट विणाव्यात किंवा एक टाका सुलट, एक टाका उलट अशी दाणेदार वीण घ्यावी. या विणींत दोन्ही बाजूंचे ओढ एकमेकांना तोलतात. पुढील मापे दुहेरी सुतासाठी दिली आहेत.

सुयांच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडील जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते: 10 क्रमांकाची सुई सव्वातीन मिलिमीटरची, 8 क्रमांकाची 4 मिलिमीटरची आणि 6 क्रमांकाची 5 मिलिमीटरची असते. येथे 6 क्रमांकाच्या सुया घ्याव्यात. राठ धागा धातूच्या सुईवरून सहज सरकतो, पण नवशिक्याचे टाके निसटू नयेत म्हणून बांबूच्या सुया बऱ्या.

प्रथम 24 टाके घालून सर्व ओळी सुलट विणत सुमारे 16 सेंमी लांबीचा नमुना करावा, धुऊन वाळवावा, चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवावा आणि मगच मोजावा. ही लोकर जड असल्याने टांगल्यावर वीण लांबते आणि अंगात घातलेली बंडीही तशीच लांबणार आहे. मध्यभागी 10 सेंमी रुंदीत 15 टाके आले, तर पुढील आकडे जसेच्या तसे चालतील. टाके जास्त भरल्यास जाड सुई, कमी भरल्यास बारीक सुई घेऊन नमुना पुन्हा करावा. वाळलेला नमुना स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून ठेवावा. त्याचे क्षेत्रफळ आणि वजन यांच्या प्रमाणावरून संपूर्ण वस्त्राला किती सूत लागेल ते काढता येते. हातसुताची प्रत्येक लडी रंगाने आणि जाडीने थोडी वेगळी असते, म्हणून लागेल त्यापेक्षा थोडे अधिक सूत एकदमच घ्यावे.

कानटोपीसाठी, डोक्याचा घेर 56 सेंमी धरून, 82 टाके घालावेत. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीसाठी राखून मधल्या 80 टाक्यांवर दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी 6 सेंमी विणावी. त्यानंतर साधी वीण घेऊन सुरुवातीपासून 16 सेंमी होईपर्यंत विणत जावे. आता प्रत्येक सुलट ओळीत टाके कमी करायचे आहेत. कडेचा टाका विणून ‘सहा सुलट, दोन टाके एकत्र’ हा क्रम दहा वेळा करावा आणि शेवटचा टाका विणावा. 72 टाके उरतील. पुढील सुलट ओळीत ‘पाच सुलट, दोन एकत्र’, त्यापुढे ‘चार सुलट, दोन एकत्र’ असे करत जावे. सातव्या वेळी नुसतेच दोन-दोन टाके एकत्र केले की 12 टाके राहतात. त्यांतून धागा ओवून घट्ट ओढावा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घालावी. कपाळाला आणि कानांना लोकर लागू नये म्हणून पट्टीच्या आतून मलमलची दुहेरी पट्टी हाताने टाचावी. पट्टी विणीसारखी ताणली जाईल अशी तिरकी कापावी, नाहीतर टोपी डोक्यात जाणार नाही.

बंडीची मापे 90 सेंमी छातीसाठी आहेत आणि कुडत्यावरून घालायची असल्याने त्यांत सुमारे 12 सेंमी सैलपणा धरला आहे. साधारण 600 ग्रॅम सूत लागेल. पाठीसाठी 78 टाके घालून सर्व ओळी सुलट विणत 58 सेंमी लांबी करावी आणि टाके सैल हाताने बंद करावेत. दोन लड्यांचे गुंडे घेऊन दर दोन ओळींनी धागा बदलत राहिल्यास रंगातील फरक पट्ट्यांसारखा उठून दिसत नाही. पुढील भाग 40 सेंमीपर्यंत तसाच विणावा. तेथे टाक्यांचे 39-39 असे दोन भाग करून प्रत्येक भाग स्वतंत्र विणावा, म्हणजे गळ्याखाली चीर पडेल. 51 सेंमीवर प्रत्येक भागाचे गळ्याकडील 15 टाके बंद करावेत आणि उरलेले 24 टाके 58 सेंमीपर्यंत विणून बंद करावेत. हे 24 टाके पाठीच्या दोन्ही टोकांच्या 24 टाक्यांशी जोडले की खांदे तयार होतात आणि पाठीला गळ्यासाठी मधले 30 टाके मोकळे राहतात. बाजूच्या शिवणी खालचे 10 सेंमी सोडून 36 सेंमी उंचीपर्यंत घालाव्यात. त्यावरील 22 सेंमी बाहीची मोरी राहते. टांगलेला नमुना बराच लांबला असेल, तर बंडी 2 ते 3 सेंमी आखूडच विणावी. मानेला बोच लागू नये यासाठी गळ्याच्या कडेला मऊ सुती धाग्याची क्रोशाची किनार करावी किंवा खणाची पट्टी लावावी. काळ्या लोकरीवर खण फार शोभतो.

कोकणासारख्या दमट हवेत लोकरीऐवजी हातकताईचे खादीचे सूत घ्यायचे असेल, तर ते बारीक असल्याने पाच-सहा पदर एकत्र धरून विणावे. या सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसते आणि पट्टीची वीण लवकर सैल पडते, म्हणून टोपीची पट्टी एक नंबर बारीक सुईवर विणणे योग्य.

तयार वस्त्र हंगामातून एक-दोनदाच धुवावे, एरवी सावलीत वाऱ्यावर टाकणे पुरेसे असते. ठेवताना खुंटीला न टांगता घडी करावी. लोकरीला कसर लागते आणि ती घामाच्या व तेलाच्या डागांवर आधी येते, म्हणून पेटीत ठेवण्यापूर्वी वस्त्र धुऊन पूर्ण वाळवावे, सुती कापडात गुंडाळून सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा घडी उघडून पाहावी.