दुखत नाही, म्हणून सोडून देऊ नका

"मॅडम, उष्णता झालीय." दार ओढून घेतलं की बहुतेक पुरुषांचं पहिलं वाक्य हेच असतं. मी एका सरकारी रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये चौदा वर्षं समुपदेशक आहे. गुप्तरोगाची तपासणी आणि औषधं जिथे मोफत मिळतात ती ही ओपीडी. माणूस माझ्यापर्यंत येतो तोवर सब्जा, ताक, धने-जिऱ्याचं पाणी सगळं पिऊन झालेलं असतं, मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावून झालेली असते आणि महिना निघून गेलेला असतो. तुमचा तो महिना वाचावा म्हणून हे लिहितेय.

गेल्या हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा एक ड्रायव्हर आला होता. त्यानं दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले. मसुराच्या दाण्याएवढे तांबूस-तपकिरी डाग, काहींच्या कडेला बारीक पापुद्रा. खाज नाही, दुखणं नाही. तळपायांवरही तसेच. त्याला वाटत होतं डिझेलची ॲलर्जी. मी मागचं विचारत गेले तेव्हा म्हणाला, "दोन-अडीच महिन्यांपूर्वी खाली एक फोड आलेला. पण तो दुखतच नव्हता, आपोआप बसला." बायकोला पाचवा महिना लागला होता.

हा सिफिलिस. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तो, आणि त्या नावानंच घोळ केलाय. शरीरातल्या उष्णतेशी त्याचा काही संबंध नाही, हा जंतू आहे. संबंध आल्यावर 10 ते 90 दिवसांत, बहुधा तीन आठवड्यांनी, जंतू शिरला तिथे एक फोड येतो. लिंगावर, योनीच्या तोंडाशी, गुदद्वाराजवळ, कधी ओठावरही. बहुतेक वेळा एकच असतो, तळ स्वच्छ असतो आणि कडा शर्टाच्या बटणासारख्या टणक लागतात. दुखत नाही. स्त्रीला तो आत आला तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवाय भरून येतो आणि माणूस सुटलो म्हणतो. जंतू मात्र तोवर रक्तात पसरलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर पुरळ, तोंडात पांढरट चट्टे, मधेमधे केस गळणं, बारीक ताप. तेही आपोआप जातं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही, आणि नंतर मेंदू, हृदय किंवा डोळे. गरोदर बाईकडून तो बाळाकडे जातो, मूल पोटातच दगावू शकतं. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत त्याची रक्तचाचणी करतात. ती चुकवू नका.

फोड दुखत असेल तर गोष्ट निराळी. आधी चुणचुण, मग पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा झुबका, ते फुटून आग, आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा तसंच, असं असेल तर बहुधा हर्पीस. जांघेत अवधाण आलं, म्हणजे दुखरी गाठ आली, तर पायाला जखम आहे का ते बघा. नसेल तर दाखवायला या.

लघवीला जळजळ आणि पू. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत चड्डीवर पिवळा घट्ट डाग पडू लागला तर परम्याची, म्हणजे गनोरियाची शंका घ्यायची. एक ते तीन आठवड्यांनी, सकाळच्या लघवीआधी पातळ पांढुरका थेंब दिसला तर क्लॅमिडिया असू शकतो. दोन्ही एकदमही असतात. बायकांना या दोन्हींत बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. म्हणून नवऱ्याला पू आणि बायकोला त्रास नाही, तरी औषध दोघांनी घ्यायचं. एकानंच घेतलं तर आजार घरातल्या घरात फिरत राहतो.

आता बायांनो, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं चिकट, बिनवासाचं जाणं हे निरोगी शरीराचं काम आहे. दह्याच्या कवड्यांसारखं आणि प्रचंड खाज, हे बुरशीचं असतं. ते कुणाशी संबंध न येताही होतं. करडं आणि माशासारख्या वासाचं असेल तर आतल्या जंतूंचा समतोल बिघडलाय. या दोन्हींवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करायचा नसतो. घरातून हाकलून दिलेली मुलगी नुसत्या बुरशीसाठी माझ्यासमोर रडलीय, म्हणून ठासून सांगते. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो, तिथे जोडीदारालाही औषध लागतं. वरून बघून नेमकं कळत नाही, तपासावंच लागतं.

ताप आणि ओटीपोटात सतत दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तरुण मुलाचा अंडकोष अचानक ठणकायला लागला तर रात्र असली तरी निघा. त्याला पीळ पडलेला असू शकतो आणि हातात सहाएक तासच असतात.

उगाच घाबरून येणारेही खूप. लिंगाच्या बोंडाच्या कडेनं ओळीत मोत्यासारखे बारीक दाणे शरीराच्या नेहमीच्या ठेवणीचे असतात, आजार नाही. जांघेतलं गोल, खाजणारं, कडेनं वाढत जाणारं बहुधा गजकर्ण. त्यावर मेडिकलमधली स्टेरॉइडची मिश्र ट्यूब लावू नका, ते चिघळतं. फुलकोबीसारखे मऊ, न दुखणारे कोंब वाढत असतील तर मात्र ते एचपीव्ही या विषाणूचे चामखीळ, दाखवावे लागतात.

एचआयव्हीला लक्षणांवरून ओळखायला जाऊ नका. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, रक्तच तपासायचं. काल-परवा धोका झाला असेल तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोचा. संसर्ग टाळायच्या गोळ्या तेवढ्या वेळातच सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं.

येताना मलम, हळद, डेटॉल काही लावून येऊ नका. फोडाचं खरं रूपच दिसत नाही. पू येत असेल तर तपासणीआधी दोनेक तास लघवी करू नका. फोड कधी दिसला, शेवटचा संबंध कधी आला, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, हे कागदावर लिहून आणा. समोर बसल्यावर आठवत नाही. केसपेपर काढताना खिडकीवर आजार सांगावा लागत नाही, "सुरक्षा क्लिनिक" म्हटलं की पुरे. तोंडानं बोलवत नसेल तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा, पैसे लागत नाहीत.

त्या ड्रायव्हरला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. त्या रात्री त्याला ताप भरला. जंतू मरताना तसा येतो, हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरला नाही. बायकोला तो तिसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आला. काय बोलायचं ते ठरेना म्हणून दोघं बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसून होते, मग तीच उठून आत आली. तिचीही चाचणी पॉझिटिव्ह निघाली, त्याच दिवशी इंजेक्शन झालं. आता बाळाला जन्मल्यावर तपासायचंय, तारीख तिच्या कार्डावर मी लाल पेनानं लिहून दिलीय.