गोल्फ स्विंग मारताना अंग सैल कसं ठेवायचं

मागून कुणीतरी "अरे रिलॅक्स, रिलॅक्स" म्हणतं आणि आपले खांदे होते त्याहून वर चढतात, हे गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाचं झालेलं असतं. कारण सोपं आहे. अख्खा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेऊन बॉल मारेपर्यंतची हालचाल, साधारण सेकंद-सव्वा सेकंदात आटपतो, तेवढ्यात अंग सैल करायला वेळच नसतो, त्यामुळे जे काही सैल करायचंय ते क्लब हलायच्या आधी करून घ्यायचं.

सुरुवात मुठीपासून. १० म्हणजे जीव खाऊन आवळणं आणि १ म्हणजे क्लब हातातून सुटतोय असं धरलं, तर ४ च्या आसपास राहा. जुना अमेरिकन गोल्फपटू सॅम स्नीड सांगायचा की क्लब असा धरा जणू हातात जिवंत पाखरू आहे, आणि पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका) ८२ स्पर्धा जिंकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकायला हरकत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी डाव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधलं बोट यांनी क्लब पकडायचा, अंगठा आणि तर्जनी नुसती टेकलेली. डावखुऱ्यांनी उलटं समजून घ्या. एकदा करून बघा, अंगठा-तर्जनीने जोरात चिमटा काढल्यासारखं दाबा, कोपरापर्यंत शीर ताठ होते की नाही? ती ताठली की मनगट नीट फिरत नाही, क्लबचं तोंड, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, उघडं (उजवीकडे वळलेलं) राहतं आणि बॉल उजवीकडे वळत जातो, यालाच स्लाइस म्हणतात. स्लाइस स्लाइस म्हणून आपण जे रडतो त्यात बऱ्याचदा हीच भानगड असते, अर्थात एकटी हीच नाही.

आणि हो, ग्रिपचं (क्लबच्या मुठीचं) रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर कितीही ठरवा, हात आपोआप आवळणारच. कोमट पाणी आणि साबणाने धुवा, तरी घसरत असेल तर बदलून टाका.

मग उभं राहणं. बॉलसमोर पुतळ्यासारखं थांबून मनात सतरा सूचना घोकत बसलं की अंग हळूहळू आखडत जातं. नियमांत एका फटक्यासाठी ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका असं सुचवलंय, पण बॉलवर वाकल्यावर त्यातले सात-आठ पुरे, बाकीचा विचार बॉलमागे उभं राहूनच उरकायचा. वाकल्यावर काहीतरी हलत राहू द्या. क्लबचं डोकं मनगटाने दोनदा मागेपुढे करायचं, याला वॅगल म्हणतात. सोबत पायाची बोटं बुटात जरा हलवायची, दातावर दात असतील तर जबडा सोडायचा. खांदे एकदा मुद्दाम कानापर्यंत उचला आणि धपकन खाली सोडा, नंतर लांब श्वास सोडा आणि तो संपता संपता क्लब मागे न्यायला लागा. श्वास कोंडून मारलेला फटका लगेच कळतो, पोट दगड झालेलं असतं.

आता लय. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) डाउनस्विंगच्या (खाली बॉलपर्यंत आणणं) साधारण तिप्पट वेळ घेतो. म्हणून वर जाताना मनात "एक-दोन-तीन" आणि खाली येताना "चार". गुळगुळीत म्हणजे संथ असं समजून काही जण क्लब इतका हळू नेतात की वरती जाऊन अडकतात आणि तिथून झटका मारतात, ते नको. दक्षिण आफ्रिकेचा गोल्फपटू एर्नी एल्स याला बिग ईझी म्हणायचे, त्याचा स्विंग बघताना वाटतं की माणूस काही जोरच लावत नाहीये, पण बॉल लांब जातो कारण वेग खाली, बॉलपाशी येतो, वरून सुटतानाच संपत नाही.

हे कानाने शिकता येतं. ड्रायव्हर (लांब फटक्याचा सगळ्यात लांब क्लब) उलटा धरा, म्हणजे डोक्याच्या बाजूने पकडा, आणि बॉलशिवाय फिरवा. सूंऽऽ असा आवाज कुठे येतो ते ऐका. उजव्या खांद्यापाशी आला तर जोर फार लवकर खर्ची पडला, बॉल असतो तिथे किंवा त्याच्या जरा पुढे यायला हवा. पहिल्यांदा सगळ्यांचा खांद्यापाशीच येतो, घाबरू नका. दहा-बारा वेळा फिरवा, मग दोन्ही पाय जुळवून आठ किंवा नऊ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याचा आखूड क्लब) अर्धे फटके मारा. पाय जुळलेले असताना जोर लावला तर तोलच जातो, म्हणजे शरीरच आपल्याला ओरडतं.

एक अपवाद, बॉल उंच गवतात रुतला असेल तर ग्रिप थोडी घट्टच धरा, नाहीतर गवत क्लब फिरवून टाकतं.

कोर्सवर नेहमीच्या जोराच्या ऐंशी टक्केच लावायचा असं ठरवा. बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो हो, त्याला एवढं काय मारायचं. आणि फटका झाला की छाती टार्गेटकडे, वजन पुढच्या पायावर, बॉल जमिनीवर पडेपर्यंत तसंच उभं राहायचं. राहता आलं नाही, एक पाऊल इकडेतिकडे पडलं, तर पुढच्या फटक्याला सत्तर टक्के.